हुकूमशाही गेल्यानंतरचे प्रश्न आणि सोलापुरातला एक अभ्यासवर्ग

सोलापुरात संध्याकाळच्या व्याख्यानांना तोटा नाही. परंतु शुल्क भरून, वही-पेन घेऊन एकाच विषयासाठी दहा शनिवार बसावे, अशी सोय स्पर्धा परीक्षांच्या क्लासबाहेर क्वचितच मिळते. पार्क चौकापासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या एका छोट्या अभ्यासकेंद्राने हुकूमशाही राजवटीतून बाहेर पडलेल्या देशांत लोकशाही उभी करताना येणाऱ्या अडचणी या विषयावर असा वर्ग चालवला. शुल्क दीड हजार रुपये, विद्यार्थ्यांना पाचशे, वेळ सहा ते साडेआठ. केंद्राचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि चार-पाच माणसांनी पदरमोड करून चालवलेल्या उपक्रमाला त्या कायमच्या चिकटाव्यात अशी माझी इच्छा नाही. माझे मत आधीच सांगून ठेवतो : विषयाची मांडणी शुल्क वसूल करून देणारी आहे, व्यवस्था मध्यम आहे आणि अर्थकारणाची बाजू इतकी लंगडी आहे की, गिरण्या बंद पडताना पाहिलेल्या गावात ती खपवून घेऊ नये.

पहिले सत्र परदेशापासून सुरू न करता १९३० च्या सोलापूरपासून सुरू केले होते. गांधीजींच्या अटकेनंतर ८ मे रोजी येथे गोळीबार झाला, लोक खवळले, पोलिसांनी शहर सोडले आणि पुढचे तीन दिवस इंग्रजांची सत्ता येथे नावालाही उरली नाही. १२ मे रोजी मार्शल लॉ लागू झाला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी देण्यात आली. हा इतिहास सोलापूरकराला सांगण्याची गरज नाही, चार हुतात्म्यांचे पुतळे रोज डोळ्यांसमोर असतात. सरांनी (निवृत्त प्राध्यापक आहेत, आणि वर्गाचा बहुतेक भार त्यांच्याच खांद्यावर होता) त्यातला एकच प्रश्न उचलला : त्या तीन दिवसांत रस्त्यावरची व्यवस्था कोणी पाहिली? स्वयंसेवकांनी पाहिली. मग त्यांनी विचारले की, तीन दिवसांऐवजी तीन वर्षे पाहावी लागली असती, तर न्यायनिवाडा, करवसुली आणि तुरुंग कोणाच्या हातात दिला असता? परकीय सत्तेविरुद्धचा उठाव आणि स्वदेशी हुकूमशहाची राजवट कोसळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि हा फरक सत्रात पुरेसा स्पष्ट झाला नाही, हे मला खटकले. तरीही श्रोत्यांना विषयाच्या दाराशी आणण्याचे काम या प्रश्नाने चोख केले.

कारण या वर्गाचा सगळा रोख त्याच प्रश्नावर होता. हुकूमशहा पळाला, चौकात लोकांनी जल्लोष केला, पुढे निवडणूक झाली, एवढी कथा वर्तमानपत्रांतून आपल्यापर्यंत येते. परंतु जल्लोषाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस ठाण्यात तोच फौजदार असतो, न्यायालयात तोच न्यायाधीश असतो, लष्कराच्या मुख्यालयात तोच सेनापती असतो आणि महसूल खात्यात फायली कुठे ठेवल्या आहेत हे ठाऊक असलेला कारकूनही तोच असतो. त्या सर्वांना घरी बसवावे, तर राज्य चालवायचे कोणी? आणि ठेवावे, तर बदलले काय? दहापैकी सात सत्रे या पेचाभोवती फिरत होती आणि देशामागून देश घेत त्याची उत्तरे तपासत होती.

इराकचे उदाहरण सर्वांत आधी आले, कारण ते सर्वांत ढळढळीत आहे. मे २००३ मध्ये अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी लागोपाठ दोन आदेश काढले. पहिल्याने सद्दाम हुसेनच्या बाथ पक्षाच्या वरच्या श्रेणींतील सदस्यांना सरकारी नोकऱ्यांतून काढले, दुसऱ्याने सैन्यच बरखास्त केले. सद्दामच्या काळात पक्षाचे सदस्यत्व ही अनेकांसाठी बढतीची अट होती, त्यामुळे त्या झाडणीत हजारो शिक्षकही गेले; आणि सैन्याच्या बरखास्तीने काही लाख माणसे एका फटक्यात बेकार झाली, ज्यांना शस्त्र चालवण्यापलीकडे दुसरा धंदा येत नव्हता. विडी कामगार संघटनेत काम करणाऱ्या, वर्गात सगळे ज्यांना अक्का म्हणत त्या बाईंनी येथे सरांना थांबवून विचारले, “सर, पगार बंद केला, बंदूक काढून घेतली का?” बंदुका बहुतांश त्यांच्याकडेच राहिल्या होत्या. सरांनी तेवढेच उत्तर दिले आणि फळ्यावरचा पुढचा मुद्दा पुसून टाकला. त्याची गरज उरली नव्हती.

स्पेनवर मात्र सरांचा जीव आहे आणि तो लपत नाही. तिथला हुकूमशहा फ्रँको २० नोव्हेंबर १९७५ रोजी वारला. त्यानंतर त्याच्याच व्यवस्थेतून वर आलेल्या अदोल्फो सुआरेझ यांनी, त्याच्याच संसदेकडून राजकीय सुधारणांचा कायदा मंजूर करून घेतला, एप्रिल १९७७ मध्ये कम्युनिस्ट पक्षाला मान्यता दिली आणि जूनमध्ये निवडणूक घेतली. १९७८ च्या डिसेंबरात राज्यघटना सार्वमताने मंजूर झाली. राजवटीने स्वतःचाच दरवाजा आतून उघडून दिला, याचे सरांना वाटणारे कौतुक मी समजू शकतो. २३ फेब्रुवारी १९८१ रोजी लेफ्टनंट कर्नल तेहेरो सशस्त्र शिपाई घेऊन संसदेत घुसला आणि मध्यरात्रीनंतर राजा हुआन कार्लोस यांनी दूरचित्रवाणीवर गणवेशात येऊन बंडाला विरोध केला, हा प्रसंग त्यांनी इतका रंगवून सांगितला की चहा गार झाला. परंतु त्याच स्पेनने ऑक्टोबर १९७७ मध्ये सर्वसाधारण माफीचा कायदा केला, ज्याने राजकीय कैदी सुटले आणि छळ करणारेही सुटले. या दुसऱ्या अर्ध्या भागाला सत्रात पाच मिनिटे मिळाली. सामूहिक थडग्यांतल्या आपल्या माणसांचा शोध घेण्यासाठी तिथल्या कुटुंबांना २००७ पर्यंत कायद्याचा आधार नव्हता आणि फ्रँकोचे शव भव्य स्मारकातून बाहेर काढायला २०१९ उजाडले. ज्या उदाहरणाला आदर्श म्हणून दाखवायचे, त्याची किंमत कोणी आणि किती वर्षे भरली, हे त्याच बैठकीत सांगायला हवे होते.

चिलीवरची दोन सत्रे हा वर्गाचा उत्तम भाग. सेनापती पिनोशेने १९७३ मध्ये सत्ता बळकावली, १९८० मध्ये स्वतःची राज्यघटना आणली आणि त्याच घटनेतील तरतुदीप्रमाणे ५ ऑक्टोबर १९८८ रोजी स्वतःच्या मुदतवाढीवर सार्वमत घेतले. सुमारे ५६ टक्के लोकांनी नकार दिला. मार्च १९९० मध्ये निवडून आलेले पात्रिसिओ आयल्विन राष्ट्राध्यक्ष झाले. येथपर्यंतची गोष्ट बहुतेकांना ऐकून तरी ठाऊक होती. सरांनी नंतर एक कागद वाटला, ज्यावर आयल्विन यांच्या हाती नेमके काय आले नव्हते याची जंत्री होती : सेनापती पिनोशेच, आणि तो १९९८ पर्यंत त्या पदावर राहणार, सिनेटमध्ये निवडून न आलेले नऊ नामनिर्देशित सदस्य, सरकारी तांबे कंपनीच्या निर्यातविक्रीतील दहा टक्के रक्कम कायद्यानेच थेट लष्कराच्या खात्यात. म्हणजे निवडून आलेल्या सरकारने लष्कराला अर्थसंकल्पातून चाप लावायचा म्हटले, तरी हातात चाप नाही. सेनापतिपद सोडल्यावर पिनोशे तहहयात सिनेटर झाला आणि ऑक्टोबर १९९८ मध्ये लंडनमध्ये पकडला गेला, तो स्पेनमधील न्यायाधीशाच्या वॉरंटवर. स्वतःच्या देशात नव्हे. नामनिर्देशित सिनेटर २००५ च्या घटनादुरुस्तीने गेले. तांब्याचा कायदा रद्द व्हायला २०१९ लागले. नवी राज्यघटना लिहिण्याचे दोन प्रयत्न, २०२२ आणि २०२३ मध्ये, मतदारांनीच फेटाळले, त्यामुळे अनेकदा दुरुस्त झालेली ती १९८० ची चौकट अजून उभीच आहे. हा कागद मी जपून ठेवला आहे. एका पानात इतका ऐवज क्वचितच मिळतो.

दुसऱ्या चिली-सत्रानंतर एक अभ्यासखेळ झाला, आणि या वर्गाची शिफारस मी मुख्यतः त्यासाठी करतो. एका काल्पनिक देशात राजवट कोसळली आहे, निवडणुकीला शंभर दिवस आहेत, आणि श्रोत्यांना भूमिका वाटून दिल्या आहेत. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी हंगामी पंतप्रधान झाली, एक वकील जुन्या न्यायमूर्तींच्या बाजूने बसले, अक्का बेपत्ता झालेल्या मुलाच्या आईच्या भूमिकेत, आणि सेनापती झाले एक यंत्रमाग कारखानदार, ज्यांचा टॉवेलचा धंदा आहे आणि जे बाकीच्या सत्रांत मागच्या बाकावर गप्प असत. सेनापतींनी तीन मागण्या ठेवल्या : संसदेत राखीव जागा, संरक्षण आणि गृह ही दोन खाती, आणि मागच्या कृत्यांबद्दल माफी. मुलगी हुशार होती. तिने गृहखाते दिले नाही, माफीत हत्या आणि बेपत्ता करण्याचे गुन्हे वगळले, जागा पंचवीस टक्क्यांवरून पंधरावर आणल्या आणि निवडणुकीची तारीख पक्की करून घेतली. टाळ्या पडल्या. मग सरांनी सेनापतींना विचारले की, तुम्ही समाधानी आहात का. ते हसले आणि म्हणाले, “एकदम खूष. आमच्यात मजुरीचा करार करायचा म्हटलं तर पोरंसुद्धा आधी विचारतात, शेठ, किती वर्षांचा? इथं मॅडमनी पंधरा टक्के लिहून दिले, पण कुठवर ते कुणी विचारलंच नाही. म्हणजे कायमचेच की.”

त्या वाक्यानंतर वर्गात जी चर्चा झाली, ती पाठ्यक्रमात लिहिलेली नव्हती, पण माझ्या मते संपूर्ण विषयाची किल्ली तीच होती. जुन्या सत्ताधाऱ्यांशी तडजोड जवळजवळ प्रत्येक देशाने केली आहे. ती करणारे सगळे भित्रे होते आणि न करणारे शूर, असे म्हणता येत नाही. तडजोडीची मुदत कागदावर लिहिली होती का, आणि ती मोडण्याचा अधिकार कोणाकडे ठेवला होता, यावरून फरक पडतो. पोर्तुगालचे पाहा. २५ एप्रिल १९७४ ची क्रांती लष्करातल्या तरुण अधिकाऱ्यांनीच केली होती, त्यामुळे १९७६ च्या राज्यघटनेत त्यांच्या क्रांती परिषदेला कायद्यांची घटनात्मकता तपासण्याचा अधिकार मिळाला. परंतु १९८२ च्या घटनादुरुस्तीने ती परिषद संपली आणि तिच्या त्या कामासाठी घटना न्यायालय आले. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी राजवट संपवण्याच्या वाटाघाटींत जो स्लोवो या कम्युनिस्ट नेत्यानेच १९९२ मध्ये मुदतीच्या कलमांचा प्रस्ताव आणला : गोऱ्या नोकरशहांच्या नोकऱ्यांना हमी आणि ठराविक काळापुरते संयुक्त सरकार. १९९३ च्या अंतरिम घटनेने ते सरकार पाच वर्षांचे ठरवले. इंडोनेशियात हुकूमशहा सुहार्तो २१ मे १९९८ रोजी पायउतार झाल्यावर लष्कर आणि पोलिसांच्या संसदेतील राखीव जागा १९९९ मध्ये ३८ वर आल्या आणि २००४ मध्ये शून्य झाल्या.

याउलट म्यानमार. तिथल्या लष्कराने २००८ च्या राज्यघटनेत दोन्ही सभागृहांच्या पंचवीस टक्के जागा स्वतःकडे ठेवल्या, संरक्षण, गृह आणि सीमाविषयक खात्यांचे मंत्री सेनापतीने नेमायचे असे लिहिले, आणि घटनेतील महत्त्वाच्या कलमांच्या दुरुस्तीसाठी पंचाहत्तर टक्क्यांहून अधिक मतांची अट घातली. पंचवीस आणि पंचाहत्तर या दोन आकड्यांची बेरीज करून पाहिली की कुलूप दिसते. आँग सान सू ची यांचा पक्ष नोव्हेंबर २०१५ मध्ये प्रचंड बहुमताने आला, तरी तालुका पातळीवरचे सगळे प्रशासन सांभाळणारा विभाग २०१८ अखेरपर्यंत लष्कराच्या गृहमंत्र्याखालीच होता. म्हणजे लोकांनी ज्यांना मत दिले ते राजधानीत, आणि दाखल्यासाठी ज्याच्या दारात उभे राहायचे तो जुनाच. २०२० ची निवडणूकही त्यांनी जिंकली आणि नवी संसद भरायच्या दिवशीच, १ फेब्रुवारी २०२१ रोजी, लष्कराने सत्ता घेतली. सरांचे हे सत्र नकाशे आणि वांशिक गटांच्या नावांत थोडे हरवले होते. कारखानदारांचा प्रश्न घेऊन मी घरी टिपणे पुन्हा वाचली तेव्हा ते उलगडले.

अर्थात मुदत लिहिली म्हणजे सुटलो, असेही नाही. इंडोनेशियात सुहार्तोचे एकेकाळचे जावई आणि माजी सेनाधिकारी प्रबोवो सुबियांतो २०२४ मध्ये निवडून राष्ट्राध्यक्ष झाले आणि मार्च २०२५ मध्ये सेवेतील लष्करी अधिकाऱ्यांना अधिक नागरी पदे खुली करणारी कायदादुरुस्ती संसदेने मंजूर केली. जे दार वीस वर्षांपूर्वी बंद झाले होते, ते निवडून आलेल्या लोकांनीच किलकिले केले. वर्गात या घडामोडीचा उल्लेखही झाला नाही. टिपणे जुनी असल्याचा संशय येथे बळावतो.

न्यायाच्या प्रश्नावरचे सत्र अक्कांमुळे लक्षात राहिले. अर्जेंटिनात लष्करी राजवटीनंतर १९८३ मध्ये राऊल आल्फोन्सिन राष्ट्राध्यक्ष झाले, बेपत्ता व्यक्तींविषयी आयोग नेमला गेला आणि १९८५ मध्ये लष्करशहांवर नागरी न्यायालयात खटला चालून त्यांचा म्होरक्या विदेला याला जन्मठेप झाली. नंतर १९८६ मध्ये खटले थांबवणारा पहिला कायदा आला, छावण्यांत बंडाळ्या झाल्यावर १९८७ मध्ये दुसरा आला, पुढच्या राष्ट्राध्यक्षांनी माफ्या देऊन टाकल्या. मात्र २००३ मध्ये संसदेने ते कायदे रद्दबातल केले, २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्का मारला आणि खटले पुन्हा उभे राहिले. दक्षिण आफ्रिकेने दुसरी वाट धरली : आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखालील सत्य आणि सलोखा आयोगासमोर सगळे खरे सांगा, कृत्य राजकीय होते हे दाखवा, आणि माफी मिळवा. सात हजारांहून अधिक अर्ज आले, पण माफी त्यातल्या थोड्यांनाच मिळाली. सरांनी दोन्ही वाटांचे गुणदोष सांगितले. अक्कांनी विचारले की, ज्यांची माणसे गेली त्यांना काय मिळाले. आयोगाने ज्यांना पीडित म्हणून नोंदवले, त्यांना २००३ मध्ये सरकारने एकरकमी तीस हजार रँड जाहीर केले, हे उत्तर होते. आणि ज्यांना माफी नाकारली गेली, त्यांच्यापैकी बहुतेकांवर पुढे खटलेच झाले नाहीत, हे उत्तराचा दुसरा भाग होता. अक्का वहीत काही लिहीत होत्या, त्या लिहायच्या थांबल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे खरं सांगणाऱ्यालाही सोडलं, न सांगणाऱ्यालाही.” यावर सरांकडे उत्तर नव्हते आणि ते तसे म्हणाले, हे त्यांच्या बाजूने नोंदवतो.

ट्युनिशियाचे सत्र बाहेरून आलेल्या एका तरुण व्याख्यात्याने घेतले आणि तयारीच्या दृष्टीने ते सर्वांत बांधीव होते. १४ जानेवारी २०११ रोजी हुकूमशहा बेन अली देश सोडून पळाला, त्याच ऑक्टोबरात घटना समिती निवडून आली, आणि २०१३ मध्ये दोन विरोधी नेत्यांच्या हत्यांनंतर सारे मोडते की काय अशी वेळ आली असताना कामगार महासंघाने पुढाकार घेतला. उद्योजकांची संघटना, मानवी हक्क संघटना आणि वकिलांची संघटना यांना सोबत घेऊन त्याने सर्व पक्षांना एका टेबलावर बसवले. या चौघांना २०१५ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. आमच्याकडच्या लाल बावट्याच्या लोकांनी हे सत्र ऐकायला हवे होते. जानेवारी २०१४ मध्ये मंजूर झालेल्या घटनेत घटना न्यायालयाची तरतूद होती : बारा सदस्य, चार संसदेने निवडायचे, चार न्यायिक परिषदेने, चार राष्ट्राध्यक्षांनी. संसदेला आपले चार काही निवडता आले नाहीत. पक्षांचे एकमत होईना, वर्षामागून वर्षे गेली, एकच सदस्य निवडला गेला आणि न्यायालय कागदावरच राहिले. मग २५ जुलै २०२१ रोजी राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी आणीबाणीच्या कलमाचा आधार घेऊन संसद स्थगित केली, तेव्हा त्या कलमाचा अर्थ चुकीचा लावला आहे असे सांगण्याचा अधिकार असलेली संस्थाच अस्तित्वात नव्हती. पुढच्याच वर्षी त्यांनी स्वतःची राज्यघटना आणली. लोकशाहीवाद्यांनी ज्या जागा भरायचे आळसाने किंवा हेव्यादाव्याने पुढे ढकलले, त्याच जागांतून लोकशाहीचा शेवट आत आला, ही व्याख्यात्याची मांडणी मला पूर्ण पटली.

इजिप्त आणि नेपाळ एकाच सत्रात कोंबले होते. इजिप्तचे हुकूमशहा मुबारक फेब्रुवारी २०११ मध्ये गेले, मोर्सी जून २०१२ मध्ये निवडून आले, ३ जुलै २०१३ रोजी सेनापती सिसी यांनी त्यांना हटवले, एवढ्या तारखांपलीकडे फार काही हाती लागले नाही. नेपाळचे मात्र वाईट वाटले. पहिल्या घटना समितीत ६०१ सदस्य, चार वर्षे घालवूनही २०१२ मध्ये घटनेविना ती विसर्जित, दुसरी समिती, आणि २०१५ च्या भूकंपानंतर घाईने सप्टेंबरमध्ये घटना जाहीर. भारताच्या सीमेलगतच्या तराईतल्या मधेशींचा त्यावरचा राग आणि सीमेवरची नाकेबंदी. शेजारच्या देशाचा एवढा सगळा अनुभव, आणि त्याला अर्धा तास. भारतातील १९७५ ते १९७७ च्या आणीबाणीचा विषय श्रोत्यांपैकी दोघा-तिघांनी काढला. आपल्याकडे घटना मोडली नव्हती, तिच्यातल्याच तरतुदी ताणल्या होत्या आणि १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने त्या आवळल्या, एवढे सांगून सरांनी तो बाजूला ठेवला. मला ते योग्य वाटले, कारण नाहीतर उरलेला वेळ पक्षांच्या भांडणात गेला असता.

आता अर्थकारणाची तक्रार. त्यासाठी एक पूर्ण सत्र राखून ठेवले होते. व्याख्याते आले नाहीत आणि त्यांच्याऐवजी रशियावरचा एक इंग्रजी माहितीपट लावला, ज्याला मराठी तर सोडाच, कोणत्याच भाषेतली अक्षरे खाली येत नव्हती. अर्ध्या वर्गाला काही समजले नाही; अक्का मध्येच उठून गेल्या, आणि त्यांना दोष देता येत नाही. विषय केवढा मोठा होता! रशियात जानेवारी १९९२ मध्ये किमती मोकळ्या सोडल्यावर त्या एका वर्षात महागाई अडीच हजार टक्क्यांच्या आसपास गेली, लोकांची आयुष्यभराची बचत विरघळली, आणि १९९५ मध्ये कर्जाच्या बदल्यात मोठमोठे सरकारी उद्योग मूठभरांच्या घशात गेले. ज्याला लोकशाही म्हणजे काय हे पहिल्यांदा कळले ते रिकाम्या पाकिटातून, तो पुढे कणखर नेत्याला मत देतो, यात नवल काय? स्पेनमध्ये १९७७ साली महागाई पंचवीस टक्क्यांच्या वर होती. तेव्हा सरकार आणि कम्युनिस्टांसह सर्व प्रमुख पक्षांनी ऑक्टोबरात मोंक्लोआ राजवाड्यात करार केला, पगारवाढीला मर्यादा घातली, त्या बदल्यात करसुधारणा आणि कामगारांचे हक्क कबूल केले. स्पेनच्या सत्रात राजाचे दूरचित्रवाणीवरचे भाषण आले, हा करार आला नाही. इंडोनेशियाची अर्थव्यवस्था १९९८ मध्ये सुमारे तेरा टक्क्यांनी आकसली आणि तरी तिथे निवडणुका टिकल्या, त्यामुळे भाकरी महागली की लोकशाही बुडालीच असा सरधोपट निष्कर्षही काढता येत नाही. पण त्यासाठी कोणीतरी हा विषय शिकवायला हवा. ट्युनिशियातही तरुणांची बेकारी क्रांतीपूर्वी होती आणि नंतरही राहिली, २०१५ मध्ये पर्यटकांवर हल्ले झाल्यावर तर किनाऱ्यावरची हॉटेलेही ओस पडली; सईद यांनी संसद बंद केल्यावर रस्त्यावर हॉर्न वाजवून आनंद व्यक्त करणारे लोक कोठून आले, याचे उत्तर घटनेच्या कलमांत सापडत नाही. ज्या शहरात गिरणीचा भोंगा बंद झाल्यानंतर दोन पिढ्यांनी पुण्याची गाडी धरली, तिथले श्रोते हा प्रश्न सहज आणि खोलवर बोलले असते. केंद्राने ती संधी वाया घालवली, आणि त्या सत्राची भरपाईही केली नाही.

व्यवस्थेबद्दल थोडक्यात. खोली वरच्या मजल्यावर आहे, जिना अरुंद आहे, वयस्कर श्रोत्यांनी विचार करून जावे. पंखे आहेत, पण उन्हाळ्यात सोलापूरच्या संध्याकाळी ते गरम हवाच फिरवतात. पिण्याच्या पाण्याची सोय चांगली. छापील टिपणे मराठीत आहेत आणि भाषा नेटकी आहे, मात्र नकाशे झेरॉक्सवर काळे पडलेले. सत्र चुकल्यास ध्वनिमुद्रण मोबाइलवर पाठवले जाते आणि ते स्पष्ट ऐकू येते, ही मोठी सोय. सत्रे वेळेवर सुरू होत नाहीत, त्यामुळे साडेआठची वेळ नऊवर जाते आणि लांबून येणाऱ्या, विशेषतः विडी घरकुलच्या बाजूला राहणाऱ्या स्त्रियांची परतीची अडचण होते. हे अक्कांनी दोनदा सांगूनही बदलले नाही. प्रश्नोत्तरांना मात्र कधीच कात्री लागत नाही, आणि श्रोत्यांत वकील, शिक्षक, कारखानदार, विद्यार्थी आणि कामगार एकत्र बसतात, हे या शहरात फार ठिकाणी घडत नाही.

राज्यशास्त्राचे पदवीचे विद्यार्थी आणि पत्रकारितेत नवे आलेले तरुण यांनी हा वर्ग जरूर करावा, पाचशे रुपयांत तर नक्कीच. स्पर्धा परीक्षेच्या दृष्टीने येणाऱ्यांना मुद्देसूद तयार उत्तरे मिळणार नाहीत, ते निराश होतील. पूर्ण शुल्क भरणाऱ्यांनी नोंदणीपूर्वी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : अर्थकारणाचे सत्र घ्यायला प्रत्यक्ष कोण येणार आहे, टिपणांत २०२४ नंतरच्या घडामोडी घातल्या आहेत का, आणि अभ्यासखेळ इतका उशिरा न ठेवता दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात घेता येईल का. पुढची तुकडी दिवाळीनंतर सुरू होणार असल्याचे फलकावर लिहिले आहे आणि जागा चाळीसच आहेत.